प्रभूची वाट आणि आपल्या तीन पायऱ्या

आगमनकाळातील दुसरा रविवार
वाचने : यशया ११:१-१०; रोमकरांस १५:४-९; मत्तय ३:१-१२



सोलापुरात कोणी मोठा मंत्री येणार असला की आपल्याला ते वर्तमानपत्र न वाचताही कळते. सात रस्त्याजवळचे खड्डे रातोरात बुजतात, दुभाजकाला रंग लागतो, वर्षभर पडून असलेला मातीचा ढीग अचानक नाहीसा होतो. जुन्या काळीही असेच होते. राजाची स्वारी निघायची म्हटली की पुढे माणसे पाठवत. ती दगड उचलीत, खळगे भरीत, चढ कापून काढीत.

आजच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्ता रानात उभा राहून हीच आरोळी देतो. हे शब्द यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायातले आहेत. संत मत्तय त्यातील वाट सरळ करण्याची एकच आज्ञा देतो. संत लूक पुढचेही सांगतो : दऱ्या भरून काढायच्या, डोंगर-टेकड्या उतरवायच्या, खडबडीत रस्ता सपाट करायचा, म्हणजे सगळ्या माणसांना देवाचे तारण दिसेल. यातील 'सगळ्या' हा शब्द ध्यानात ठेवा.

आम्ही धर्मगुरू या वचनाचा आध्यात्मिक अर्थ सांगतो. दरी म्हणजे निराशा, डोंगर म्हणजे गर्व. तो अर्थ खोटा नाही. परंतु आज मी तुम्हांला त्याचा साधा, कोणत्याही गवंड्याला कळेल असा अर्थ घ्यायला सांगणार आहे.

नुकताच ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा केला. संयुक्त राष्ट्रसंघ १९९२ पासून हाच दिवस अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळतो. हा योगायोग असेल, पण चांगला योगायोग आहे. संत झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले तेव्हा ते राहिले रुग्णालयात, आणि रविवारी शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन मिस्सा अर्पण करू लागले. जे मंदिरापर्यंत येऊ शकत नव्हते त्यांची आठवण त्या संताला होती. आपल्याला आहे का?

तीन पायऱ्या

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. त्यात एक मावशी आहेत. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. त्या आजारी नाहीत. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात आणि स्वतःची भाकरी स्वतः कमावतात. आठ वर्षे मी त्यांच्या घरी जात आहे, आणि मनात मला वाटे की आपण हे चांगले काम करतो.

मागच्या महिन्यात मी सहज म्हणालो, "मावशी, तुम्ही देवळात आलात तर सगळ्यांना बरं वाटेल." त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"फादर, मी येत नाही असं नाही. तुमच्या देवळाला तीनच पायऱ्या हायेत. पण त्या चढायला मला दोन माणसं लागत्यात. भाऊ इथं होता तेव्हा तो उचलायचा. तो भिवंडीला गेला कामाला. आता कुणाला सांगू? आणि उचलून नेलं की सगळी माणसं माझ्याकडंच बघत्यात. मिस्सा राहते बाजूला."

मी म्हणालो, "म्हणून तर मी कम्युनियन घेऊन येतो."

त्या म्हणाल्या, "तुम्ही येता, लई उपकार. पण फादर, प्रभू माझ्या घरी येतो, मला त्याच्या घरी जाता येत नाही."

परत आल्यावर मी देवळाच्या दारात उभा राहिलो. रोज दहा वेळा चढतो त्या पायऱ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या. तीन. प्रत्येक सहा इंचाची. म्हणजे सगळी मिळून दीड फुटाची टेकडी. योहान बाप्तिस्ता जी टेकडी उतरवा म्हणून ओरडतो, ती आपल्याच दारात होती.

पाय तेच, देश वेगळा

ही गोष्ट एका मावशींची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी माणसे कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह जगतात. म्हणजे दर सहा माणसांत एक. आपल्या देशाच्या २०११ च्या जनगणनेत ही संख्या २ कोटी ६८ लाख, शंभरात तीनसुद्धा नाही. मोजण्याच्या पद्धतीत फरक आहे हे खरे. पण दारात मोजणारा आल्यावर आतल्या खोलीतल्या मुलाचे नाव न सांगणारी घरेही आपण पाहिली आहेत.

देशादेशांत पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. शरीर तेच असते, पण एका देशात तो माणूस कामावर जातो आणि दुसऱ्या देशात घरात बसून राहतो. फरक असतो तो वाटेचा.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही वाट आपोआप झाली नाही. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला अनेक अपंग माणसांनी आपल्या चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली सोडल्या आणि संसद भवनाच्या पायऱ्या ते रांगत, सरपटत चढले. त्यात आठ वर्षांची एक मुलगी होती. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी १९६५ साली उंचवटे असलेली फरशी तयार केली. अंध माणसाला पायाने किंवा काठीने वाट कळावी हा हेतू. १९६७ साली ओकायामा शहरातील अंधशाळेजवळ ती प्रथम बसवली गेली. आज आपल्याकडे मोठ्या स्थानकांच्या फलाटावर पिवळी खडबडीत फरशी दिसते ती हीच. तिच्यावर आपण सामानाची बोचकी ठेवतो. इटलीने १९७७ साली कायदा करून अपंग मुलांना वेगळ्या वर्गांतून काढून सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवायला सुरुवात केली.

आणि आपल्या भारतानेही जगाला दिले आहे. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा असे. आपला माणूस अनवाणी शेतात जातो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. त्या पायाने हे जमत नसे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा असा पाय केला की तो घालून माणूस आपल्यासारखा जगू शकेल. पुढे तो जयपूर फूट युद्धाने होरपळलेल्या देशांतही गेला. माणसाला पायाप्रमाणे बदलायला न लावता त्यांनी माणसाप्रमाणे पाय बदलला.

आपल्या वाटेवर पाहा. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर केडगाव स्थानक लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. एक दार बंद झाले. पुढे केडगावला त्यांनी दुष्काळात टाकून दिलेल्या मुली-बायकांना जवळ केले, त्यात अंधही होत्या. त्यांची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी त्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. अंध स्त्रियांच्या तिथल्या निवासाला नाव दिले बार्तिमी सदन, यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तिमयावरून. ती लिपी शोधणारे लुई ब्रेल स्वतः अंध होते. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामडे टोचायची आरी लागून त्यांची दृष्टी गेली. मोठेपणी ते पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत.

आपल्याच जिल्ह्यातला सुयश जाधव करमाळ्याकडचा. २००४ साली विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात गेले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. २०१६ साली तो रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहला, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण एक धोका आहे, तो सांगतो. पदक मिळवले म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि विड्या वळणाऱ्या मावशींना विसरतो. माणसाने आधी पदक आणावे आणि मग आपण त्याला मान द्यावा, हा शुभवर्तमानाचा हिशेब नाही. आजच्या पहिल्या वाचनात यशया येणाऱ्या राजाविषयी सांगतो की तो डोळ्यांना दिसते त्यावरून न्याय करणार नाही. आपण मात्र बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच करतो.

कोणी पाप केले?

दगडाच्या पायऱ्या गवंडी फोडू शकतो. मनातल्या पायऱ्यांचे काय?

एखाद्या घरात व्यंग असलेले मूल जन्मले की शेजारच्या बायका हळूच विचारतात, "ग्रहण पाळलं नव्हतं का?" सासू सुनेकडे बघते. कोणी म्हणतो मागच्या जन्मीचे भोग. आपण ख्रिस्ती माणसे मागचा जन्म मानत नाही, पण आजोबांचे पाप, आईचा शाप, असे आपणही पुटपुटतो. शिष्यांनी प्रभूला नेमके हेच विचारले होते : हा जन्मापासून आंधळा, तर पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने स्पष्ट सांगितले, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही (योहान ९:१-३). आपल्यात असे मूल असलेली एखादी आई आज इथे बसली असेल, तर तिने प्रभूचे हे उत्तर घरी घेऊन जावे. बाई, तुझी चूक नव्हती.

दुसरी पायरी याहून अवघड आहे, कारण ती भक्तीच्या कपड्यात येते. प्रार्थनासभेत आपण अपंग माणसाच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि तो बरा झाला नाही की म्हणतो, "विश्वास कमी पडला." पुढच्या रविवारचे शुभवर्तमान आधीच वाचून ठेवा. तुरुंगातून योहान प्रभूला निरोप धाडतो, आणि प्रभू उत्तर पाठवतो की आंधळे पाहत आहेत, लंगडे चालत आहेत. प्रभू बरे करतो, यात शंका नाही. त्यासाठी मागणे चूक नाही. पण ज्या योहानाला हा निरोप गेला तो तुरुंगातून सुटला नाही. त्याचा विश्वास कमी होता असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? पोप फ्रान्सिस मे २०२२ पासून लोकांसमोर चाकांच्या खुर्चीत येऊ लागले, आणि एप्रिल २०२५ मध्ये देवाघरी जाईपर्यंत बहुतेक वेळा त्याच खुर्चीतून त्यांनी ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. त्यांचाही विश्वास कमी होता काय?

इटलीत १२८७ साली मार्गारेट नावाची मुलगी जन्मली. अंध, ठेंगणी, पाठीला बाक. श्रीमंत आईबापांनी लाजेने तिला लपवून ठेवले. चमत्कार होईल म्हणून तिला चित्ता दी कास्तेल्लो गावी नेले. चमत्कार झाला नाही, तेव्हा ते तिला तिथेच टाकून निघून गेले. गावच्या गरिबांनी तिला आपल्या घरांत घेतले. ती प्रार्थना करी, आजाऱ्यांची आणि कैद्यांची विचारपूस करी. १३२० साली ती प्रभूकडे गेली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संतांच्या यादीत घेतले. तिचे डोळे शेवटपर्यंत उघडले नाहीत. चमत्कार झाला असेल तर तो त्या गरिबांच्या घरांची दारे उघडली हा.

आणि पुनरुत्थित प्रभूकडे पाहा. मरणावर विजय मिळवलेल्या देहावर त्याने हातापायांच्या खुणा तशाच ठेवल्या. व्यंग म्हणजे देवाच्या प्रतिमेला लागलेला डाग, असे त्यानंतर कोणी म्हणू नये.

पंक्तीतली जागा

तिसरी पायरी दयेची. दया चांगली, पण दया वरून खाली येते. दावीद राजाला योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडला. तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला होता. दावीदाने त्याला नुसते धान्य धाडले नाही. त्याला आपल्या पंक्तीला, राजपुत्रांसारखे बसवले (२ शमुवेल ९). शिधा पाठवणे सोपे, पंक्तीला घेणे अवघड.

इथे ख्रिस्तसभेनेही आपल्या चुका मान्य केल्या पाहिजेत. १९१७ च्या धर्मसंहितेत शारीरिक व्यंग याजकपदाला अडथळा ठरू शकत होते. १९८३ च्या संहितेत तो अडथळा उरला नाही. २ मे २०२४ रोजी केरळात त्रिशूर येथे जोसेफ थेरमडम या जन्मतः कर्णबधिर तरुणाला याजकपदाची दीक्षा मिळाली. बहिऱ्याच्या कानात बोटे घालून प्रभूने उच्चारलेला "एफ्फाथा" हा शब्द त्या दिवशी ख्रिस्तसभेच्याच कानात पडला असे मी मानतो.

मतिमंद म्हणून ज्यांना आपण प्रथम कम्युनियनच्या वर्गात घेत नाही, त्यांच्याविषयीही ऐका. ही साधी भाकर नव्हे, हा प्रभू आहे, एवढे मुलाला आपल्या परीने उमगले तर पुरे, हे संत पोप दहावे पायस यांनी १९१० सालीच ठरवून दिले. साक्रामेंत कोणत्याही अपंग व्यक्तीला नाकारू नयेत, हे २०२० च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. प्रश्नोत्तरे पाठ नाहीत म्हणून कोणाचे मूल परत गेले असेल, तर त्या आईबापांनी मला येऊन भेटावे. क्षमा मागण्याचे काम माझे आहे.

पश्चात्तापाचे फळ

योहान परूश्यांना म्हणतो की नुसते पाण्यात उतरून चालणार नाही, पश्चात्तापाला शोभेल असे फळ दाखवा. तर आपले फळ कोणते?

गवंड्याला विचारले. त्याने सांगितले की चाकाच्या खुर्चीसाठी उताराची लांबी उंचीच्या बारापट तरी हवी. दीड फूट उंची, म्हणजे अठरा फुटांचा उतार, बाजूला धरायला कठडा. तो मारिया मातेच्या ग्रोटोसमोरून जाईल आणि दोन कुंड्या हलवाव्या लागतील. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात धार्मिक कामासाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात. म्हणजे कायद्यानेही हे आपले कर्तव्य आहे. पण आपण कायद्याच्या भीतीने करू नये.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एका भल्या माणसाने विचारले, "फादर, एका बाईसाठी एवढा खर्च?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर सर्वांना देतो. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे गेलेल्या मेंढपाळाचा हिशेब आपण मान्य केलेला आहे. आणि ती एकटी नाही. गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या आज्या मी रोज पाहतो. तान्ह्या बाळाची आई आहे, पाय मोडलेला रिक्षावाला आहे. आपल्यापैकी जो म्हातारा होईल, त्या प्रत्येकाची ती वाट आहे. आणि ज्या दिवशी आपल्याला शवपेटीत ठेवून शेवटचे देवळात आणतील, त्या दिवशी खांदेकऱ्यांनाही त्या पायऱ्या नको वाटतील.

उतार आपण बांधू. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने या आगमनकाळात कराव्यात. आपल्या गल्लीत, नात्यात घराबाहेर न पडणारे कोण आहे ते शोधावे. त्यांच्यासाठी काय करायचे हे आपणच न ठरवता त्यांना विचारावे. आणि पुढच्या बाकाच्या कडेला खुर्चीपुरती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कोणाला मागे दाराशी बसावे लागणार नाही. दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की ख्रिस्ताने आपल्याला जसे स्वीकारले तसे आपण एकमेकांना स्वीकारावे. प्रभूने आपल्याला स्वीकारले तेव्हा आपण पायऱ्या चढून त्याच्याकडे गेलो नव्हतो. तो उतरून गव्हाणीत आला. नाताळ म्हणजे हेच.

त्या मावशींना मी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला या, असे अजून सांगितलेले नाही. आधी वाट होऊ द्या. मग मी एकटा जाणार नाही, आपण सगळे मिळून आमंत्रण द्यायला जाऊ.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू बार्तिमयाच्या हाकेला थांबलास, आम्ही न थांबता पुढे गेलो. आमच्या दारातल्या आणि मनातल्या पायऱ्या आम्हांला दाखव. ज्यांना आम्ही बाहेर ठेवले त्यांच्यामध्ये तूच उभा आहेस हे आम्हांला ओळखू दे. तुझी वाट सपाट करण्यासाठी आमच्या हातांना बळ दे, म्हणजे तू येशील तेव्हा आम्ही सगळे, कोणीही मागे न राहता, तुला सामोरे येऊ. आमेन.